रिपोर्टवरच्या सहीमागची संघटना

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये नांदेड-लातूरकडं कुणी आजारी असल्याचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा : "स्कोअर किती आला?" पंचवीसपैकी सहा-सात म्हटलं की घरच्यांच्या जिवात जीव यायचा. अठरा म्हटलं की बेडसाठी फोनाफोनी सुरू. फुप्फुसाचे पाच कप्पे, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, म्हणून एकूण पंचवीस. ज्यांनी आयुष्यात कधी सीटी स्कॅनचं मशीन पाहिलं नव्हतं, त्यांनाही हे गणित पाठ झालं होतं.

त्याच रिपोर्टवर आणखी एक ओळ असायची : 'को-रॅड्स ५' किंवा 'को-रॅड्स ३'. म्हणजे छातीचं चित्र पाहून हा कोविड असल्याची शंका किती दाट आहे, याची श्रेणी. ही श्रेणी कुठल्या सरकारनं ठरवलेली नव्हती, की मशीन विकणाऱ्या कंपनीनंही नाही. साथ युरोपात शिरली तेव्हा, मार्च २०२० मध्ये, नेदरलँड्समधल्या रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेनं ती बसवली. प्रत्येक डॉक्टर आपापल्या शब्दांत 'संशयास्पद', 'बहुधा', 'नाकारता येत नाही' असं लिहायला लागला, तर वॉर्डातल्या डॉक्टरानं काय समजायचं? म्हणून सगळ्यांनी एकच भाषा लिहावी, असं त्यांनी ठरवलं. वर्षभरात ती भाषा मुखेड-उदगीरच्या घरांत बोलली जाऊ लागली.

रेडिऑलॉजिस्टांची संघटना नेमकी कशासाठी असते, याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं सापडणार नाही. तरी पेशंटला संघटना दिसत नाही. त्याला दिसतो दवाखान्यातला अंधार, पोटावरची गार जेली आणि शेवटी रिपोर्टखालची सही. पुष्कळदा खुद्द तरुण डॉक्टरलाही ती भिंतीवर लावायच्या सर्टिफिकेटपलीकडं दिसत नाही. सभासद का व्हायचं, कुणाला होता येतं आणि झाल्यावर काय हाती लागतं, हे म्हणून नीट मांडायला हवं. मराठवाड्यात तर जास्तच. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात शेजारच्या खोलीत दुसरा रेडिऑलॉजिस्ट बसलेला असतो. देगलूरला किंवा निलंग्याला बसणारा डॉक्टर पुष्कळदा एकटाच असतो.

आपल्याकडची मुख्य संघटना म्हणजे इंडियन रेडिऑलॉजिकल अँड इमेजिंग असोसिएशन, डॉक्टरांच्या बोलण्यात 'आयरिया'. तिची महाराष्ट्र राज्य शाखा आहे. शैक्षणिक काम पाहणारी तिची शाखा म्हणजे इंडियन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी अँड इमेजिंग. संघटनेचं नियतकालिक १९४७ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ रेडिऑलॉजी' या नावानं सुरू झालं. पुढं सोनोग्राफी आली, सीटी आलं, एमआरआय आलं आणि नुसता क्ष-किरण हा विषय उरला नाही, तेव्हा १९८०च्या दशकात त्या नावाला 'इमेजिंग' जोडलं गेलं. आज ते इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतं. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला निवासी डॉक्टर आणि एम्समधला प्राध्यापक, दोघांच्या मोबाइलवर तोच अंक उघडतो.

आता पात्रतेचं बघू. आधी एमबीबीएस, मग रेडिऑलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण : तीन वर्षांची एमडी किंवा डीएनबी, नाहीतर दोन वर्षांची डीएमआरडी, डीएमआरई यांसारखी पदविका. शिवाय मेडिकल कौन्सिलची नोंदणी. हे हातात असलं की आजीव सभासदत्वासाठी अर्ज करता येतो. पदवीची आणि नोंदणीची प्रत जोडायची, आधीच्या सभासदांची शिफारस घ्यायची आणि राज्य शाखेमार्फत पुढं जायचं. पीजी करणाऱ्या विद्यार्थ्यालाही शिकत असतानाच सहयोगी म्हणून आत येता येतं आणि परीक्षा पास झाल्यावर पूर्ण सभासद होता येतं. पदविकांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट जपावी. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सच्या, म्हणजे सीपीएसच्या, अभ्यासक्रमांची मान्यता गेल्या काही वर्षांत दिली गेली, काढून घेतली गेली, त्यावर वाद झाले. ज्यांची पदविका तिथली आहे त्यांनी 'मित्राला मिळालं, मलाही मिळेल' असं गृहीत न धरता आपल्या वर्षाचा निकष कौन्सिलकडून आणि संघटनेकडून आधी विचारून घ्यावा.

सोनोग्राफीचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन काम करणारे डॉक्टरही असतात, स्वतः सोनोग्राफी करणारे स्त्रीरोगतज्ज्ञही असतात. त्यांच्यासाठी वेगळ्या व्यासपीठांची दारं उघडी आहेत : अल्ट्रासाउंडच्या सर्व वापरकर्त्यांचा इंडियन फेडरेशन ऑफ अल्ट्रासाउंड इन मेडिसिन अँड बायॉलॉजी, किंवा गर्भवैद्यकाची सोसायटी ऑफ फीटल मेडिसिन.

सभासद झाल्यावर पदरात काय पडतं, याचं उत्तर बहुतेक जण पॉइंटांत देतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी तीस क्रेडिट पॉइंट लागतात. संघटनेच्या परिषदा, कार्यशाळा, सीएमई (डॉक्टरांच्या सततच्या शिक्षणाचे कार्यक्रम) यांतून ते मिळतात, सभासदाला नोंदणी शुल्कही कमी पडतं. हे सगळं खरं आहे. पण पॉइंट तर दुसरीकडंही मिळतात. तेवढ्यासाठी संघटनेत जाणं म्हणजे लग्नाला जाऊन नुसतं पाकीट देऊन परतणं.

खरा फायदा समजून घ्यायचा तर या विद्येच्या सुरुवातीकडं जावं लागतं. ८ नोव्हेंबर १८९५ला रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत जगभरच्या डॉक्टरांनी आणि तंत्रज्ञांनी हे किरण उघड्या हातांनी हाताळले. ट्यूब नीट चालते का हे बघायला स्वतःचाच पंजा मध्ये धरायचा, असा रिवाज होता. बोटांची कातडी जळाली, जखमा भरेनात, कॅन्सर झाला, बोटं कापावी लागली, मग हात. १९३६ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला अशा लोकांचं स्मारक उभं राहिलं. त्यावर सुरुवातीलाच १६९ नावं होती, पंधरा देशांतली. पुढं ती वाढत गेली.

हे थांबवलं कुणी? ज्यांचे हात जळत होते त्यांनीच. ब्रिटनमधल्या रॉन्टगेन सोसायटीनं १९१५ मध्येच काम करणाऱ्यांच्या बचावाचा ठराव केला. १९२५ मध्ये लंडनला रेडिऑलॉजिस्टांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि १९२८ च्या स्टॉकहोम परिषदेनं किरणांपासून संरक्षणासाठी एक समिती नेमली. तीच पुढं आयसीआरपी या नावानं ओळखली जाऊ लागली. आज भारतात अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, जी मर्यादा लावतं तिचा पाया याच समितीच्या शिफारशींत आहे : किरणांजवळ काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही.

नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या एखाद्या सेंटरमध्ये एक्स-रे तंत्रज्ञाच्या छातीवर प्लॅस्टिकचा छोटा बॅज लावलेला असतो, त्याकडं एकदा नीट बघावं. तो टीएलडी बॅज. आतल्या पट्टीवर तीन बारीक चकत्या असतात. अंगावर जेवढे किरण पडले तेवढी ऊर्जा त्या धरून ठेवतात. दर तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो, तिथं चकत्या तापवतात, तापल्यावर त्या मंद उजेड देतात आणि तो उजेड मोजून त्या माणसानं तिमाहीत किती डोस घेतला याचा आकडा निघतो. शिशाचा एप्रन घातला असेल तर बॅज एप्रनच्या आत लावायचा, कारण मोजायचं आहे ते शरीराला काय मिळालं ते. बॅज टेबलाच्या खणात पडून राहिला तर आकडा छान येतो आणि माणूस मात्र मार खात राहतो. हे साधे नियम शिकवणं, मशीनची दर दोन वर्षांची गुणवत्ता चाचणी कशी करून घ्यायची, एईआरबीच्या 'ई-लोरा' प्रणालीवर परवाना कसा काढायचा, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर कुणी व्हायचं, हे नवख्या डॉक्टरला समजावून सांगणं, हे काम कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते पाच-दहा वर्षं आधी त्याच वाटेनं गेलेल्या व्यवसायबंधूकडूनच कळतं. आपल्या भागातल्या परिषदांत नव्या आजारांवरच्या भाषणांना गर्दी होते आणि या विषयाच्या सत्राला खुर्च्या रिकाम्या राहतात. मला हे बरोबर वाटत नाही. बॅज लावून दिवसभर उभा राहणारा तंत्रज्ञ डॉक्टरच्याच भरवशावर असतो.

दुसरा फायदा शंकेच्या वेळचा. समजा, लातूरच्या एका डॉक्टरपुढं दुपारी चार वाजता स्तनाचा मॅमोग्राम आहे. गाठ आहे, पण कडा धड गुळगुळीत नाहीत की धड काटेरी नाहीत. इथं 'बाय-रॅड्स' उपयोगी पडतं. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीनं १९९३ मध्ये आणलेली ही श्रेणी. तीन म्हणजे बहुधा निरुपद्रवी, सहा महिन्यांनी पुन्हा बघा. चार म्हणजे तुकडा काढून तपासा. तीन लिहायचं की चार, यावर त्या बाईचे पुढचे सहा महिने ठरतात. अशा वेळी ज्याला नि:संकोच फोन करता येईल असा स्तनाच्या तपासणीत मुरलेला माणूस ओळखीचा असणं, ही सभासदत्वाची सगळ्यात मोठी कमाई. परिषदेत चहाच्या वेळी झालेली ओळख इथं कामाला येते. संघटनेतल्या मंडळींचे व्हॉट्सअॅप ग्रुप असतात, रात्री अकरा वाजताही कुणीतरी उत्तर देतं. फक्त फोटो टाकताना कोपऱ्यातलं पेशंटचं नाव, वय आणि नंबर कापलेच पाहिजेत. घाईत नेमकं तेच राहून जातं.

संघटना समाजाशी बोलते तेव्हा काय होतं, हेही कोविडमध्ये दिसलं. ३ मे २०२१ला एम्सच्या तत्कालीन संचालकांनी सांगितलं की एक सीटी म्हणजे तीन-चारशे छातीचे एक्स-रे. लोक घाबरले. आयरियानं लगेच जाहीर उत्तर दिलं : हा हिशेब जुन्या मशीनचा आहे, आजच्या अतिकमी डोसच्या स्कॅनमध्ये तो पाच-दहा एक्स-रेंइतकाच येतो. लोकांची भीती घालवणं गरजेचं होतं आणि संघटना बोलली हे चांगलंच झालं. पण तेवढंच पुरेसं नव्हतं. कमी डोस आपोआप होत नाही, मशीनवर तशी मांडणी करावी लागते. जाहीर उत्तराबरोबर आपल्या प्रत्येक सभासदाच्या सेंटरवर ती मांडणी होते का, हे बघणंही संघटनेचंच काम आहे. शिवाय सौम्य लक्षणांच्या माणसाचं उठसूट स्कॅन करू नका, हा संचालकांचा मूळ सल्ला योग्यच होता. अमेरिकन कॉलेजनं तर मार्च २०२० मध्येच सीटी हे चाळणी म्हणून वापरू नका असं बजावलं होतं.

आता अवघड विषय. मराठवाड्यात रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेबद्दल लिहायचं आणि पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा, टाळायचा, हे होणार नाही. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४. गर्भलिंगनिदानावर देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४चा, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तरी आकडे असे.

२०१० मध्ये कोल्हापूरचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख होते, तेच पुढं २०१८ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांनी जिल्ह्यातल्या सोनोग्राफी केंद्रांना दोन गोष्टी सक्तीच्या केल्या : गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीचा 'एफ' फॉर्म चोवीस तासांत ऑनलाइन भरायचा आणि मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं उपकरण जोडायचं, जे प्रत्येक तपासणीची चित्रं साठवून ठेवतं. याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली ती रेडिऑलॉजिकल अँड इमेजिंग असोसिएशन, आणि निकालपत्रावर तिच्या नावापुढं कंसात लिहिलंय 'स्टेट चॅप्टर – जालना'. म्हणणं असं की जिल्हाधिकाऱ्यांना हा अधिकार नाही आणि पेशंटच्या खासगीपणावर हा घाला आहे. ऑगस्ट २०११ मध्ये न्यायालयानं याचिका फेटाळली. चित्रं मशीनजवळच राहतात, कुठं पाठवली जात नाहीत, आणि मुलींची घटती संख्या पाहता हे पाऊल रास्त आहे, असा निकालाचा आशय.

संघटना म्हणून न्यायालयात जाणं हा हक्कच आहे, एकट्या डॉक्टरला ते परवडतही नाही. संघटनांचं दुखणंही निराधार नाही. कलम ४(३) प्रमाणं एफ फॉर्ममधली त्रुटी हीच कायद्याचं उल्लंघन धरली जाते आणि तसं नव्हतं हे डॉक्टरला सिद्ध करावं लागतं. रकाना रिकामा राहिला, पत्ता अर्धा राहिला, सही राहिली, तरी मशीनला सील लागू शकतं आणि गुन्हा दाखल होऊ शकतो. स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना 'फॉग्सी' हाच मुद्दा घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ३ मे २०१९ला न्यायालयानं तीही याचिका फेटाळली. फॉर्म ही नुसती कारकुनी नाही, गुन्हा पकडण्याची तीच जागा आहे, असं न्यायालयानं म्हटलं.

दोन्ही निकाल वाचून मला वाटतं, लढाई न्यायालयातून उचलून फॉर्मवर आणायला हवी. बाईचं नाव, वय, आधीची मुलं किती आणि त्यांत मुलगे-मुली किती, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, पूर्ण पत्ता, कुणी पाठवलं, शेवटची पाळी कधी, तपासणी कशासाठी, तिचं निवेदन, डॉक्टरचं निवेदन. ऊसतोडीवरून आलेल्या बाईला 'पूर्ण पत्ता' विचारला तर ती तांड्याचं नाव सांगते, कारखान्याचं सांगते, पण घरचा पत्ता तिच्या तोंडी नसतो. तिथं रिसेप्शनवरच्या मुलीनं काय लिहायचं? महिन्याच्या पाच तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा अहवाल कुणाकडं द्यायचा? नवं मशीन घ्यायच्या किंवा जागा बदलायच्या आधी किती दिवस कळवायचं? एका डॉक्टरला जिल्ह्यात दोनच केंद्रांवर नोंदणी मिळते, हा २०१२चा नियम कसा पाळायचा? जिल्ह्यातल्या जुन्या सभासदानं नव्या सभासदाच्या सेंटरवर महिन्यातून एकदा जाऊन त्याचे फॉर्म तपासले, तर प्रामाणिक डॉक्टर अडकणार नाही आणि लबाडाला 'चूक कारकुनाची होती' ही सबब उरणार नाही. असा माणूस आपल्या गोटात असेल तर त्याला झाकायचं नाही, एवढं मात्र संघटनेनं आधी ठरवून टाकलं पाहिजे.

याच मशीनचा उलटा, जीव वाचवणारा उपयोग संघटनेनं हाती घेतला आहे. आयरियाचा 'संरक्षण' नावाचा कार्यक्रम बाळंतपणाच्या आसपास होणारे बाळांचे मृत्यू कमी करण्यासाठी आहे. तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीत गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर करायचा, आईचं बीपी मोजायचं आणि पुढं बीपी वाढण्याचा किंवा बाळाची वाढ खुंटण्याचा धोका कुणाला आहे हे आधीच हेरायचं. २०१७च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसलं की असा धोका असलेल्या बायकांना अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान रोज रात्री १५० मिलिग्रॅम अॅस्पिरिन सुरू केलं, तर दिवस भरण्याआधीच उद्भवणारा प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे बीपी वाढण्याचा हाच आजार, जवळजवळ साठ टक्क्यांनी घटतो. औषध स्वस्तातलं, मशीन आधीच दवाखान्यात असलेलं. लागतं ते डॉप्लर ठरलेल्या पद्धतीनं करण्याचं प्रशिक्षण, आणि ते एकेकट्याला नाही, संघटनेलाच देता येतं. कंधार-मुखेडच्या बायका दिवाळीच्या सुमाराला तोडीवर जातात. तिसरा महिना नेमका तिकडं उसाच्या फडात गेला तर ही वेळ हुकते. जाण्याआधी तपासणी कशी गाठायची, हे ठरवायला नांदेडचा रेडिऑलॉजिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आशा ताई एका टेबलाशी बसायला हवेत.

सभासदत्वानं काय होत नाही, हेही सांगायला हवं. त्यानं व्यवसायाचा परवाना मिळत नाही, तो कौन्सिलच देतं. कोर्टात केस झाली तर संघटना आपोआप वकील देत नाही. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, तेव्हा व्यावसायिक विमा स्वतंत्रपणे काढावाच लागतो. आणि बोर्डावर संघटनेचं नाव लिहिलं म्हणून रिपोर्ट बरोबर येत नाही. पेशंटनं बघायची असते ती डॉक्टरची पदवी आणि नोंदणी क्रमांक. तो कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

नांदेड किंवा लातूरच्या शासकीय महाविद्यालयात पीजीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे की अर्ज आत्ताच करा. पोस्टर मांडायची, शोधनिबंध वाचायची, चुकायची हीच वेळ असते, एकदा गावी जाऊन सेंटर टाकलं की कर्जाचे हप्ते सुरू होतात आणि परिषद मागं पडते.

आणि संघटनेकडं एक मागणी. आपल्या भागातला पेशंट इंग्रजी रिपोर्ट घडी घालून पिशवीत ठेवतो आणि मेडिकलवाल्याला विचारतो, "भाऊ, ह्यात काय लिवलंय?" मेडिकलवाला 'फॅटी लिव्हर ग्रेड १' वाचून काहीतरी सांगतो आणि माणूस आठवडाभर जेवत नाही. ज्या संघटनांनी को-रॅड्स आणि बाय-रॅड्स बसवलं, त्यांच्याच पद्धतीनं राज्य शाखेनं रिपोर्टच्या शेवटी लिहायचा चार ओळींचा मराठी नमुना ठरवून द्यावा : काय दिसलं, घाईचं आहे की नाही, आता कुठल्या डॉक्टरकडं जायचं, आणि ही फिल्म पुढच्या वेळी सोबत आणायची. गरोदर बाईच्या रिपोर्टवर पाचवी ओळ, पुढच्या तपासणीची तारीख.